31 मार्चच्या आत आरसा घ्यायचा का? बाह्यग्रह टिपणाऱ्या उपकरणाच्या चाचणी-टेबलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई उपनगरातलं एक महाविद्यालय. भौतिकशास्त्र विभागाची ऑप्टिक्सची प्रयोगशाळा तळमजल्यावर, आणि तिच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. या विभागाकडे एका मोठ्या संशोधन संस्थेने एक नेमकं काम सोपवलं होतं. ताऱ्याचा प्रकाश दाबणाऱ्या मास्कचा एक नमुना टेबलावर तपासायचा आणि तो किती चालतो याचा अहवाल द्यायचा. पैसा तीन वर्षांच्या अनुदानातला, आणि त्यात मंजूर असलेला आकार बदलणारा महागडा आरसा आर्थिक वर्ष संपायच्या आत मागवायचा का, हा या प्रकरणातला प्रश्न. माणसं चार: प्रकल्पप्रमुख मॅडम, पीएचडी करणारा मुलगा, एमएस्सीची मुलगी आणि कार्यशाळेतले काका, ज्यांच्या लेथवर निम्मं टेबल तयार झालं. मी प्रकल्पाच्या आढावा समितीवर होतो. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते मात्र जसंच्या तसं आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

आधी विषयाबद्दल थोडं. आजवर पाच हजारांहून जास्त बाह्यग्रह, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह, सापडले, पण बहुतेक आडवाटेने. ग्रह समोरून गेला की तारा किंचित मंदावतो, किंवा ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, त्यावरून ग्रह असल्याचं कळतं. ग्रहाचा स्वतःचा प्रकाश ताऱ्यापासून वेगळा काढून टिपलेली उदाहरणं त्यामानाने मूठभर. 2004 मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरून 2एम1207 या तपकिरी खुज्या ताऱ्याचा सोबती टिपला गेला. 2008 मध्ये केक आणि जेमिनाय दुर्बिणींनी एचआर 8799 या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह एकत्र दाखवले. चौथा 2010 मध्ये मिळाला. एचआर 8799 चे ग्रह तरुण, तापलेले आणि गुरूहून कितीतरी वजनदार आहेत. अवरक्त प्रकाशात ते ताऱ्याच्या लाखात एक-दोन भाग इतके उजळ दिसतात, म्हणून ते जमलं. आपला गुरू तसा लांबून पाहिला तर सूर्याच्या शंभर कोटींत 1 भाग, आणि पृथ्वी हजार कोटींत 1.

ताऱ्याचा प्रकाश दाबायची युक्ती मुळात सूर्याची. फ्रान्सच्या बर्नार लिओने ग्रहणाची वाट न पाहता सूर्याचा करोना, म्हणजे त्याचं फिकट बाह्य वातावरण, बघता यावा म्हणून 1930 च्या सुमारास करोनाग्राफ बनवला. आदित्य-एल1 या भारताच्या सूर्यनिरीक्षक यानावरचं बंगळुरूत बनलेलं मुख्य उपकरण त्याच घराण्यातलं. ताऱ्यांसाठी याची जी सुधारलेली आवृत्ती जेमिनाय प्लॅनेट इमेजर आणि व्हीएलटीच्या स्फिअर या उपकरणांत वापरली गेली, तिच्यात तीन अडथळे ओळीने येतात. पहिल्या काचेवर काही मायक्रॉनचे क्रोमचे ठिपके कमी-जास्त दाटीने छापलेले असतात, त्यामुळे प्रकाश ज्यातून आत येतो त्या छिद्राच्या कडेकडे प्रकाश हळूहळू मंदावत जातो. दुसरा अडथळा म्हणजे प्रतिमेच्या जागी बरोबर ताऱ्यावर बसणारा अपारदर्शक ठिपका. तिसरं छिद्र कडेला उरलेला प्रकाश कापतं. आपल्या गटाकडे आलेला नमुना याच जातीचा होता.

अडचण

टेबलावरचा ‘तारा’ म्हणजे 635 नॅनोमीटरचा लाल लेझर, एका बारीक फायबरच्या टोकातून येणारा. छिद्र 5 मिलिमीटरचं. तरंगलांबीला छिद्राच्या व्यासाने भागलं की या कामातलं अंतराचं एकक मिळतं; इथे त्याला पायरी म्हणू. 8 मीटरच्या दुर्बिणीवर 1.6 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात एक पायरी साधारण 0.04 आर्कसेकंद पडते (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). या टेबलावर, 1 मीटर नाभीय अंतराच्या भिंगाने, ती सुमारे 0.13 मिलिमीटर होती. ताऱ्यापासून 4 ते 8 पायऱ्यांच्या पट्ट्यात ताऱ्याचा उरलेला प्रकाश दहा लाखांत 1 पर्यंत खाली आणायचा, हे उद्दिष्ट. मास्कची रचना करणाऱ्यांच्या गणिताप्रमाणे मास्क स्वतः कोटीत 1 पर्यंत उतरायला हवा होता, म्हणजे मास्कपुरती ऐसपैस जागा होती.

प्रत्यक्षात काटा लाखात 8 वर येऊन बसला आणि तिथून हलेना. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती अहवालात तोच आकडा गेला. त्या पट्ट्यात प्रकाशाचे बारीक ठिपके विखुरलेले दिसत. त्यांना स्पेकल म्हणतात, आणि त्यांची खोडी ही की ते दिसायला ग्रहासारखेच असतात. डाव्या बाजूला एक फिकट कमान होती. सकाळचं चित्र आणि संध्याकाळचं चित्र एकमेकांशी जुळत नसे.

स्पेकल किती क्षुल्लक गोष्टीतून उगवतात ते कळलं की काम का अडतं हे समजतं. छिद्रावर येणाऱ्या प्रकाशाच्या लाटेत 2 नॅनोमीटर उंचीची एक नियमित लहर राहिली, तर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना दहा हजारांत 1 तेजाचा एकेक ठिपका उमटतो. दहा लाखांत 1 साठी लहर 0.2 नॅनोमीटरच्या आत हवी. हजार कोटींत 1 साठी, म्हणजे पृथ्वीसारखा ग्रह दृश्य प्रकाशात पाहायचा तर, ती 2 पिकोमीटरहूनही (0.002 नॅनोमीटरहूनही) कमी लागते. एवढी सपाट काच जगात कुणी घासून देत नाही. म्हणूनच मोठ्या उपकरणांत आकार बदलणारा आरसा बसवतात. पाठीमागून शेकडो सूक्ष्म दट्टे तो ढकलतात-ओढतात आणि लाट सपाट करतात. नासाच्या रोमन दुर्बिणीच्या करोनाग्राफमध्ये 48 गुणिले 48 दट्ट्यांचे असे दोन आरसे आहेत.

आपल्या गटाच्या अनुदानातही असा एक छोटा आरसा मंजूर होता, 12 गुणिले 12 दट्ट्यांचा. आयातीचा माल, उपकरणांच्या हेडमधला, म्हणजे अनुदानातल्या त्या खर्चाच्या सदरातला, सगळ्यात मोठा खर्च. कोटेशन आलं होतं, उत्पादक एकच म्हणून प्रोप्रायटरी सर्टिफिकेटही तयार होतं. जानेवारी उजाडला होता. 31 मार्चपर्यंत बिल लागलं नाही तर पैसा परत जाणार होता.

पर्याय

जानेवारीच्या बैठकीत मी हजर होतो. खोलीत दोन मतं अगदी ठाम होती. पीएचडीच्या मुलाचं म्हणणं, दोष लोकलचा. “मॅडम, फास्ट गाडी गेली की टेबलावरचा चहासुद्धा थरथरतो हो. आपण आरसा आणून करणार काय?” हिशेबनिसांचं म्हणणं, आरसा घ्या. पैसा परत गेला की पुढच्या वेळी मागायला तोंड राहत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि दोघांपैकी कुणीही उरलेला प्रकाश नेमका कुठून येतो ते मोजलेलं नव्हतं.

आरसा लगेच मागवायचा, या बाजूने सबळ कारणं होती. आज ना उद्या तो लागणारच होता. त्याच्या मदतीने उरलेल्या प्रकाशाची झडतीही घेता येते. आरशावर मुद्दाम लहानसे ज्ञात उंचवटे उठवायचे, दर वेळी चित्र घ्यायचं, आणि कुठला ठिपका कसा बदलला त्यावरून तिथल्या लाटेचा हिशेब मांडून उलट आकार द्यायचा. मोठ्या उपकरणांत हीच पद्धत चालते. पण एका ओळीत 12 दट्टे असलेल्या आरशाचा हात 6 पायऱ्यांपलीकडे पोचत नाही, आणि पट्टा होता 4 ते 8 चा. एकाच आरशाने प्रकाशाची लाट आणि तिची तीव्रता दोन्ही सावरायची म्हटलं तर पट्ट्याची एकच बाजू काळी करता येते. या दोन मर्यादा प्रस्ताव लिहिताना कुणी कागदावर मांडल्या नव्हत्या.

तिसरी मर्यादा मुंबईची. या जातीचे सूक्ष्म आरसे दमट हवेत चालवले तर त्यांचे दट्टे कायमचे निकामी होतात. उच्च विद्युतदाब आणि बाष्प यांचं जमत नाही. पुरवठादाराच्या कागदावर कोरड्या हवेची अट बारीक अक्षरात होती, आणि ती एमएस्सीच्या मुलीने वाचली. पावसाळ्यात इथली आर्द्रता 80 टक्क्यांवर असते. एसीच्या खोलीत ती उतरते, पण सुटीच्या दिवशी एसी बंद. याच प्रयोगशाळेत कपाटातल्या भिंगांना बुरशी लागलेली होती.

दुसरा पर्याय टेबल हलवायचा. एका मित्रसंस्थेच्या तळघरात जागा मिळत होती, रुळांपासून लांब. टेबल उतरवून पुन्हा जुळवायला बरेच महिने गेले असते. तिसरा, आरशाऐवजी द्रवस्फटिकाचा पडदा वापरायचा. तो स्वस्त, दमट हवेची तितकी पर्वा न करणारा, पण प्रकाशाची एकच ध्रुवणदिशा घेणारा आणि स्वतः थोडा फडफडणारा. चौथा पर्याय कुणालाच आवडेना: आत्ता काहीच घ्यायचं नाही, आधी प्रकाशाचा हिशेब लावायचा. या पर्यायात बिल लागत नाही, हीच त्याची मुख्य अडचण.

मॅडमनी चौथा निवडला, पण मुदत घालून. फेब्रुवारी संपेपर्यंत शोध. तोवर आरशाची ऑर्डर कागदावर तयार ठेवायची. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

काय केलं

सुरुवात मोजपट्टीपासून झाली. ताऱ्याचा मूळ उजेड कॅमेऱ्याला झेपत नाही, म्हणून तो मोजताना वाटेत गडद काच घालतात आणि आलेला आकडा काचेच्या घनतेप्रमाणे वाढवतात. काचेवर 4 छापलेलं, म्हणजे दहाचा चौथा घात, दहा हजारपट मंद. ही घनता तरंगलांबीप्रमाणे बदलते, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. मुलीने प्रत्येक काच त्याच लेझरसमोर धरून पॉवर मीटरने मोजली. 4 ची काच 3.6 च्या जवळपास निघाली, जेमतेम चार हजारपट मंद. म्हणजे तारा आजवर अडीचपट जास्त उजळ धरला जात होता, आणि लाखात 8 हा आकडा खरा लाखात 20 होता. सुधारणा करायला निघालेल्या गटाचा पहिलाच निष्कर्ष असा, की परिस्थिती आपण समजत होतो त्याहून वाईट आहे.

इथे एक छोटा पण अवघड निर्णय आला. अहवाल तर गेलेला. समितीतल्या एका सदस्याने सुचवलं, पुढच्या अहवालात दुरुस्त आकडा घाला, वेगळं पत्र कशाला. मॅडमनी त्याच आठवड्यात पत्र पाठवलं, काचांच्या मोजणीच्या तक्त्यासह. अनुदानाचं काय होईल ही धाकधूक होती. उत्तर आलं ते असं, की मास्क ज्या संस्थेचा होता तिथल्या अभियंत्याने तोच तक्ता आपल्या काचांसाठी कसा भरायचा ते विचारलं.

मग लोकल. मुलगी म्हणाली, “शेवटची गाडी गेल्यावर बघू या ना मॅडम, मी घरी सांगून ठेवते.” महाविद्यालयात रात्री थांबायचं म्हणजे प्राचार्यांची परवानगी, सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद, मॅडम स्वतः हजर आणि काकांच्या घरून आलेला डबा. साधारण एक ते चार या वेळात रूळ शांत असतात, दुरुस्तीची गाडी आली नाही तर. कॅमेऱ्याची छोटी चौकट तेवढी वाचून सेकंदाला शेकडो चित्रं घेतली आणि ताऱ्याची जागा किती हलते ते मोजलं. गाड्या थांबल्यावर हालचाल स्पष्ट कमी झाली. पट्ट्यातला उजेड मात्र होता तिथेच. स्पेकल त्याच जागी, कमान त्याच जागी. चार वाजता पहिली गाडी धडधडत गेली, आलेख वर उडाला, चित्र तसंच राहिलं. लोकल टेबल हलवत होती यात शंका नाही, पण अडलेलं घोडं तिच्यामुळे अडलेलं नव्हतं. (उरलेल्या हालचालीत एक सुरेल, न बदलणारा भाग होता. तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पंख्याचा निघाला. लोकलला वर्षभर शिव्या खाव्या लागल्या आणि पंखा टेबलावरच बसून होता.)

तळघराचा पर्याय त्या पहाटेच संपला. एका रात्रीच्या मोजणीने कित्येक महिन्यांचं स्थलांतर वाचलं, त्यामुळे मला ही चाचणी फार आवडते.

आता उरला काचांचा संशय. यासाठी एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. एकेक भिंग त्याच्या कड्यातच अक्षाभोवती पाव फेरा फिरवायचं आणि बघायचं. जे ठिपके त्याच्याबरोबर फिरतात ते त्या भिंगाचे. दुसरं भिंग फिरवल्यावर स्पेकलांचा मोठा घोळका सोबत फिरला. दोषी सापडला. पण डावीकडची कमान कुठलंही भिंग फिरवलं तरी जागची हलली नाही.

ती कमान सापडली ती अंधारात, पांढरं व्हिजिटिंग कार्ड हातात धरून. मुलगा टेबलावर वाकून मास्कच्या मागेपुढे कार्ड सरकवत होता. मास्कच्या अलीकडे, जिथे प्रकाश फक्त पुढे जायला हवा तिथे, कार्डाच्या मागच्या बाजूवर एक मंद लाल वर्तुळ उमटलं. प्रकाश उलटा येत होता. मास्कच्या मधला क्रोमचा ठिपका आरशासारखा चमकतो. ताऱ्याचा जवळजवळ सगळा प्रकाश त्याच्यावर पडून मागे फिरत होता, अलीकडच्या भिंगाच्या पृष्ठभागावर त्यातला थोडासा पुन्हा परतत होता आणि अस्पष्ट होऊन कॅमेऱ्यापर्यंत पोचत होता. बिनलेपाच्या काचेचा एक पृष्ठभाग 4 टक्के प्रकाश परत फेकतो. चांगल्या लेपाचाही अर्धा टक्का फेकतोच. लाखात मोजणाऱ्या कामात अर्धा टक्का म्हणजे पूर.

उपाय साधा होता. मास्क काही अंश तिरका केला, म्हणजे परतणारा प्रकाश वाटेबाहेर जाईल. काकांनी त्यासाठी ॲल्युमिनियमचा तिरका ठोकळा कापून दिला आणि काळा अ‍ॅनोडाइझ करून आणला. कमान गेली. काटा लाखात 20 वरून 5 च्या आसपास आला.

इथे मॅडमना एक कल्पना सुचली. बाहेर फेकलेला तो प्रकाश काळ्या डबीत मारून टाकण्याऐवजी त्यांनी तो एका छोट्या कॅमेऱ्यावर घेतला. ठिपक्यावरून परतलेल्या प्रकाशात तारा ठिपक्याच्या मधोमध आहे की सरकला आहे याची खूण असते. रोमन दुर्बिणीचं उपकरणही मास्कवरून परतलेला प्रकाशच अशा कामाला लावतं. या सुगाव्यावरून एक साधा हलणारा आरसा तारा पुन्हा मध्यावर आणू लागला. लोकलचा धक्काही त्यातच बराचसा जिरला. वेगळा खर्च जवळजवळ शून्य.

दोषी भिंग बदलायचं होतं. त्या ऐवजी तिरका परवलयाकार आरसा घ्यावा, असा पुरवठादाराचा आग्रह होता, कारण आरशात मागच्या पृष्ठभागाची भानगड नाही. पण स्वस्तातले असे आरसे हिऱ्याच्या हत्याराने कातलेले असतात आणि त्या हत्याराच्या समान अंतरावरच्या चरांमुळे ठरलेल्या जागी ठिपके उमटतात. गटाने तो मोह टाळला. त्याच मापाची काही भिंगं परत करण्याच्या बोलीवर मागवून, प्रत्येक टेबलावर फिरवून, सगळ्यात शांत भिंग ठेवून घेतलं. शेवटी सगळ्या वाटेवर काळ्या पत्र्याचं झाकण आणि एसीच्या झोताची दिशा भिंतीकडे. सकाळ-संध्याकाळचा फरक त्यानंतर जवळपास मिटला.

फेब्रुवारी संपला तेव्हा काटा लाखात 1 च्या किंचित खाली होता.

आरसा? मॅडमनी ऑर्डर दिली नाही. कोरड्या हवेची सोय मार्चमध्ये उभी राहणार नव्हती आणि जूनमध्ये पाऊस. खोक्यात पडून राहणारं उपकरण घेण्यापेक्षा त्यांनी पैसा परत जाऊ दिला. हेड बदलून त्यातला काही भाग झाकण, हवा कोरडी करणारं यंत्र आणि चांगली भिंगं यांवर वळवावा असा अर्ज त्यांनी मार्चमध्ये केला. तो वेळेत मंजूर झाला नाही. हिशेबनीस आठवडाभर बोलले नाहीत म्हणे.

निष्पत्ती

उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. अहवाल लाखात 1 चाच गेला, पण त्याबरोबर उरलेला प्रकाश कुठून येतो याचा हिशेबही गेला: भिंगांमुळे किती, हवेमुळे किती, आणि मास्कमुळे जास्तीत जास्त किती. मास्क देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा शेवटचा आकडाच कामाचा होता, कारण मास्क नापास झालेला नाही हे त्यातून ठरलं.

तिसऱ्या वर्षी एका मित्रसंस्थेने द्रवस्फटिकाचा पडदा काही आठवड्यांसाठी उसना दिला. त्याने पट्ट्याची एक बाजू दहा लाखांत 3 पर्यंत खाली गेली, तीही शांत रात्री आणि थोडा वेळ. पडद्याची फडफड मग आडवी आली. उजळ दिसणारं यश नाही, पण हिशेब जुळतो: भिंगांच्या वाट्याचा उजेड आधी जेवढा सांगितला होता, जवळपास तेवढाच पडद्याने पुसला.

मुलगी आता दुसऱ्या शहरात एका खगोलीय उपकरणाच्या गटात आहे आणि तिथल्या गडद काचा मोजते, असं ती सांगते. मुलाचा प्रबंध चालू आहे. त्यात लोकलवर एक प्रकरण आहे, पण छोटं.

आता पुन्हा करायचं झालं तर

गडद काचा पहिल्याच आठवड्यात मोजायला हव्या होत्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक आकड्याचा पाया आहे.

मला जास्त खटकतं ते प्रस्तावातलं गणित. आरसा मागताना त्याचा हात किती पायऱ्यांपर्यंत पोचतो, किती बाजू काळ्या करता येतात, हवा किती कोरडी लागते, यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे अनुदान मागताना मोठं उपकरण लिहिलं की प्रस्तावाला वजन येतं, आणि त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी, वाहिन्या, झाकणं, कोरडी हवा, या ‘किरकोळ’मध्ये ढकलल्या जातात. आढावा समितीनेही ते विचारायला हवं होतं.

हेड बदलण्याचा अर्ज मार्चऐवजी नोव्हेंबरमध्ये केला असता तर परत गेलेल्या पैशांतला मोठा भाग वाचला असता. नोव्हेंबरमध्ये शोध सुरूच झाला नव्हता, म्हणून अर्ज करायला आधारही नव्हता. पण स्पेकल वर्षभर दिसत होते. फिरवून पाहायची चाचणी तेव्हाही तेवढीच फुकट होती.

आरसा न घेण्याचा निर्णय योग्य होता का, यावर आमच्या समितीत अजून एकमत नाही. एका सदस्याचं म्हणणं, आरसा घेऊन सीलबंद ठेवला असता आणि कोरड्या हवेची सोय सहा महिन्यांत केली असती, तर तिसऱ्या वर्षी दहा लाखांत 1 गाठता आलं असतं. गाठता आलं असतं, बहुधा. पण तो आरसा पाऊस संपेपर्यंत खोक्यात राहिला असता, आणि एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने जुलैत तो ‘फक्त बघायला’ चालू केला असता, यावर मी पैज लावायला तयार आहे. मला मॅडमचं पटतं.

नवा प्रस्ताव गेला आहे. आरसा त्यात आहेच, यावेळी 8 पायऱ्यांपलीकडे हात पोचेल एवढ्या दट्ट्यांचा. आरशाच्या लगेच खालच्या ओळींत कोरड्या हवेची वाहिनी, आर्द्रतामापक, आणि आर्द्रता 30 टक्क्यांवर गेली की आरशाचा विद्युतदाब आपोआप तोडणारा स्विच, असे खर्च त्याच हेडमध्ये लिहिले आहेत. पुरवठ्याचा महिना म्हणून मॅडमनी नोव्हेंबर टाकला आहे.